गोळी, अक्षर आणि गड : कालप्रवासकथेतील अटळ व परिवर्तनीय क्षण

१

कालप्रवासाच्या कथेत एक प्रश्न वरकरणी विज्ञानाचा दिसतो. प्रत्यक्षात तो कथनाचा असतो. भूतकाळात जाऊन पोचलेल्या पात्राला तेथे काय बदलता येते आणि काय बदलता येत नाही, हा तो प्रश्न होय. यंत्राची रचना, प्रकाशाचा वेग, कृष्णविवराची सीमा यांविषयी लेखकाने कितीही तपशील दिला, तरी वाचकाचे कुतूहल अखेर या एका मुद्द्यापाशी येऊन थांबते. ज्या कथेत काहीच बदलता येत नाही तिच्यात प्रवासाला प्रयोजन उरत नाही, आणि ज्या कथेत सगळेच बदलता येते तिच्यात इतिहासाला वजन उरत नाही. या दोन टोकांमधील जागा कशी आखली आहे, यावरून त्या कथेची इतिहासदृष्टी ओळखता येते.

पाश्चात्त्य विज्ञानसाहित्यात या प्रश्नाची तीन प्रकारची उत्तरे रूढ झाली आहेत. पहिल्या प्रकारात भूतकाळ पूर्णतः बंदिस्त असतो. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ (१९४१) या कथेत नायकाची प्रत्येक कृती आधीच घडून गेलेल्या घटनाक्रमाचा भाग ठरते. मागे जाण्याने काहीही बदलत नाही, उलट जे घडले ते त्या जाण्यामुळेच घडलेले असते. दुसऱ्या प्रकारात भूतकाळ पूर्णतः सैल असतो. रे ब्रॅडबरी यांच्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ (१९५२) या कथेत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे एक फुलपाखरू पायाखाली चिरडले जाते आणि वर्तमानातील निवडणुकीचा निकाल उलटतो. तिसऱ्या प्रकारात काही क्षण अटळ आणि काही परिवर्तनीय मानले जातात. फ्रिट्झ लायबर यांच्या १९५८ मधील ‘ट्राय अँड चेंज द पास्ट’ या कथेत वास्तव स्वतःला सावरून घेते. कॉनी विलिस यांच्या ‘डूम्सडे बुक’ (१९९२) आणि त्यानंतरच्या कादंबऱ्यांत इतिहासाच्या निर्णायक जागी प्रवाशाला पोचूच दिले जात नाही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेने २००८ साली पाँपेईच्या विनाशाला अचल बिंदू ठरवले. आणि स्टीफन किंग यांच्या केनेडीहत्येवरील कादंबरीत (२०११) भूतकाळ बदलाला विरोध करतो, पण तो विरोध मोडून काढता येतो.

समीक्षेच्या दृष्टीने हा तिसरा प्रकार सर्वांत फलदायी आहे. पहिल्या दोन प्रकारांत सर्व क्षण समान असतात. तिसऱ्या प्रकारात मात्र लेखकाला क्षणांची प्रतवारी लावावी लागते. कोणता क्षण हलवता येतो आणि कोणता येत नाही, हे सांगताना तो नकळत इतिहासात काय महत्त्वाचे आणि काय किरकोळ, याविषयीचा निवाडा देत असतो. हा निवाडा कथेत क्वचितच उघडपणे मांडलेला असतो. तो वाचून काढावा लागतो.

येथे डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७६ साली कालप्रवासाच्या विरोधाभासांवर लिहिलेल्या निबंधातील एक भेद उपयोगी पडतो. भूतकाळात गेलेला नातू आजोबांना मारू शकतो की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, असे लुईस दाखवतात. त्याच्या हातात बंदूक आहे, नेम चांगला आहे, आजोबा समोर आहेत. एवढ्याच गोष्टी गृहीत धरल्या तर तो मारू शकतो. आजोबा पुढे कित्येक वर्षे जगले हीही गोष्ट गृहीत धरली तर तो मारू शकत नाही. ‘शक्य’ हा शब्द नेहमी कोणत्या तरी गृहीत गोष्टींच्या संचाला सापेक्ष असतो. हाच विचार कथेला लावला तर असे म्हणता येते, की परिवर्तनीयता हा क्षणाचा अंगभूत गुणधर्म नाही; कथेने कोणत्या गोष्टी स्थिर धरल्या आहेत, यावर ती अवलंबून असते. म्हणून कालप्रवासकथेचे वाचन करताना जे बदलले त्यापेक्षा जे न बदलता ठेवले त्याची यादी करणे अधिक उद्बोधक ठरते. मराठीतील या प्रकारच्या सर्वांत परिचित कथेचे, जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे वाचन या रीतीने केले, तर ती कथा पानिपतावरून आपल्याला सह्याद्रीच्या सातमाळा रांगेत, कळवणच्या परिसरात आणून सोडते.

२

तत्पूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ख्यात वृत्तात काय बदलावे आणि काय बदलू नये, ही चर्चा भारतीय साहित्यविचाराला नवी नाही. कालप्रवासाचे यंत्र तेथे नव्हते. पण कवी स्वतःच भूतकाळात शिरून त्याची पुनर्रचना करीत होता. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात कवीला इतिवृत्ताच्या दास्यातून मोकळे केले आहे : परंपरेने आलेला कथाभाग रसाला प्रतिकूल असेल तर तो सोडावा आणि अनुकूल असा नवा कल्पावा. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त प्रकरणवक्रतेच्या विवेचनात कालिदासाने दुर्वासाच्या शापाची केलेली योजना गौरवली. ‘दशरूपका’नेही नायकाला किंवा रसाला बाधक ठरणारा भाग गाळावा किंवा बदलावा असे सांगितले, रामाने कपटाने केलेला वालिवध नाटककारांनी कसा टाळला वा फिरवला, याची उदाहरणे टीकेत येतात.

या परंपरेतील सर्वांत धाडसी बदल भवभूतीचा आहे. ‘उत्तररामचरिता’च्या अखेरीस राम आणि सीता यांचे पुनर्मीलन होते, रामायणातील भूमिप्रवेशाचा शेवट तेथे उलटलेला आहे. परंतु सीतात्याग मात्र भवभूतीने तसाच ठेवला. त्यागाचा क्षण अटळ आणि शेवटाचा क्षण परिवर्तनीय, अशी ही वाटणी आहे. ती आकस्मिक नाही. त्याग काढून टाकला असता तर करुणाचा आधारच गेला असता. शेवट बदलल्याने करुण अधिक गहिरा होऊन मग शमतो. क्षणाची अटळता येथे रसाने ठरवली आहे, घटनेच्या सत्यासत्यतेने नाही.

पुराणांतील काळाच्या कथा याहून निराळ्या आहेत. आपली कन्या रेवती हिला घेऊन ककुद्मी ब्रह्मलोकी जातो आणि थोड्या वेळाने परत येतो, तोवर पृथ्वीवर अनेक युगे उलटलेली असतात. हा पुढच्या दिशेचा प्रवास आहे. त्यात बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जे गेले ते गेले, इतकेच कळते. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा सापेक्षतेच्या आधाराने याच जातीच्या अनुभवाला हात घालते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील स्पर्धेला ती त्यांनी टोपणनावाने पाठवली होती. मागच्या दिशेचा किंवा आडव्या दिशेचा प्रवास, म्हणजे ‘असे झाले असते तर’ या प्रदेशातील प्रवास, हा मात्र आधुनिक इतिहासलेखनानंतरच शक्य होतो. घटना एकदाच घडते, तिला दिनांक असतो आणि तिला कारणे असतात, ही समजूत रुजल्याखेरीज त्या घटनेला फाटा फुटू शकतो ही कल्पना सुचत नाही.

३

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात समाविष्ट आहे. तिचे इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. कथानक थोडक्यात असे : इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि ज्या मुंबईत उतरतात तिच्यावर अजून इंग्रजांचा अंमल आहे, उर्वरित देश मात्र स्वतंत्र आणि समर्थ आहे. गोंधळलेले गंगाधरपंत टाउन हॉलमधील ग्रंथालयात जातात, स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचतात आणि पानिपतच्या तिसऱ्या युद्धापाशी येऊन थबकतात. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा बळी घेणारी गोळी या जगात त्यांना निसटता स्पर्श करून गेलेली असते. मराठे जिंकतात, आणि तेथून इतिहासाला निराळा फाटा फुटतो. पुढे आझाद मैदानावरील एका सभेत रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून गंगाधरपंत तिच्यात जाऊन बसतात, श्रोते खवळतात, आणि त्या झटापटीत ते आपल्या जगात परत येतात. पुरावा म्हणून खिशात बखरीचे एक पान तेवढे उरते.

या अनुभवाचा उलगडा त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे दोन सिद्धांतांच्या आधारे करतात. एक आपत्तिसिद्धांत, जो रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाशी निगडित आहे, दुसरा पुंजवाद. आपत्तिसिद्धांताचे मर्म असे, की एखाद्या व्यवस्थेत बहुतेक ठिकाणी कारणात किंचित फरक पडल्यास परिणामातही किंचितच फरक पडतो. काही मोजक्या जागी मात्र कारणातील सूक्ष्म फरकाने परिणाम एकदम उडी घेतो. म्हणजे अटळ आणि परिवर्तनीय क्षणांची वाटणी येथे गणिताने केली आहे. दोन्ही सैन्ये तुल्यबळ असल्याने नेतृत्व आणि मनोधैर्य निर्णायक ठरले. म्हणून विश्वासरावांना लागलेली गोळी हा उडीचा बिंदू ठरला. पुंजवाद पुढे असे सुचवतो, की दोन्ही पर्याय अस्तित्वात असतात. निरीक्षकाला एका वेळी एकच दिसतो.

कथेचे शीर्षक या मांडणीला भाषेची जोड देते. मराठीत ‘पानिपत’ हे विशेषनाम राहिलेले नाही. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुळधाण उडणे. ‘विश्वास पानिपतात गेला’ हा श्लेष अजूनही बोलण्यात येतो. जे युद्ध भाषेत असे मुरले आहे ते बदलणे म्हणजे शब्दकोश बदलणे होय. दुसऱ्या जगातल्या मराठीत ‘पानिपत होणे’ याचा अर्थ काय झाला असता, हे कथा सांगत नाही. पण शीर्षकातील पानिपत आझाद मैदानावर गंगाधरपंतांचे होते, मराठ्यांचे नाही. विजयी जगात पराभूत होणारा एकमेव मनुष्य म्हणजे पराभवाचा इतिहास मनात घेऊन तेथे पोचलेला इतिहासकार. ही विडंबना कथेचे खरे बळ आहे, आणि ती वैज्ञानिक स्पष्टीकरणापेक्षा अधिक टिकाऊ आहे.

वॉर्ड मूर यांच्या ‘ब्रिंग द ज्युबिली’ (१९५३) या कादंबरीशी तुलना केली म्हणजे नारळीकरांची वाट स्पष्ट होते. मूर यांचा नायकही इतिहासकारच आहे. दक्षिणेने अमेरिकी यादवी जिंकलेल्या जगात तो वाढतो, गेटिसबर्गचे युद्ध डोळ्यांनी पाहण्यासाठी मागे जातो, त्याच्या तेथील उपस्थितीनेच एक मनुष्य मारला जातो, युद्धाचा निकाल फिरतो आणि त्याचे स्वतःचे जग कायमचे नाहीसे होते. परतीची वाट बंद होते. तेथे बदलाला कर्ता आहे आणि कर्त्याला अपराधभाव आहे. गंगाधरपंत काहीच बदलत नाहीत. त्यांच्या जाण्याआधीच गोळी चुकलेली आहे. ते केवळ वाचतात, आणि वाचून परत येतात. मुंबईत मुलाचा शोध घेताना त्या नावाचे कोणी तेथे नोकरीस नाही असे त्यांना कळते, त्या एका प्रसंगी बदललेल्या इतिहासाची वैयक्तिक किंमत क्षणभर दिसते; पण कथा तेथे रेंगाळत नाही. परिवर्तनीय क्षण आहे, परिवर्तन घडवणारा नाही, अशी ही रचना आहे.

४

कथेच्या इंग्रजी रूपात युद्धोत्तर घडामोडींचा जो सारांश गंगाधरपंत वाचतात, त्यात एक अर्धे वाक्य असे आहे, की ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. विश्वासराव आणि माधवराव हे बंधू कर्तबगारीने राज्य वाढवतात, आणि उपद्रवी दादासाहेब मागे सारले जाऊन अखेर राजकारणातून निवृत्त होतात, असे तेथे म्हटले आहे. दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. गोळी चुकण्याशी या निवृत्तीचा थेट संबंध कोणता, हे कथा सांगत नाही, आणि सांगू शकतही नाही.

वास्तविक इतिहासात दादासाहेबांना मागे सारण्यासाठी जे करावे लागले त्याचे ठिकाण धोडप हे आहे. गिरणेच्या खोऱ्यातील कळवणहून दक्षिणेकडे पाहिले, की सातमाळेची रांग आडवी पसरलेली दिसते. एका बाजूला सप्तशृंग आणि मार्कंड्या, मध्ये रवळ्या-जावळ्या, आणि कळवण-चांदवड सीमेवर माथ्याच्या ठसठशीत आकारामुळे दुरूनही ओळखू येणारा धोडप. याच रांगेतील कांचनबारीच्या परिसरात १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेशी झुंज दिली होती. १७६८ च्या जूनमध्ये मात्र या डोंगरात मराठे मराठ्यांशी लढले. रघुनाथरावांनी पुतण्याविरुद्ध फौज जमवली. दमाजी गायकवाडांचे पाठबळ आणि होळकरांचे दिवाण गंगोबातात्या यांची साथ त्यांना होती. माधवराव वेगाने चालून आले, दादांची फौज फुटली, दादांनी गडाचा आश्रय घेतला आणि अखेर ते शरण आले. त्यांना पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले.

हा विजय पूर्ण होता, तरी तो टिकला नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊर येथे क्षयाने वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची वाट मोकळी झाली. म्हणजे पानिपतानंतर सात वर्षांनी जो प्रश्न धोडपच्या पायथ्याशी रणांगणावर सुटला असे वाटले, तो सुटलेला नव्हता. गादीचा हक्क, वडीलकीचा दावा, सरदारांचे आपापले हिशेब आणि परक्याची मदत घेण्याची तयारी हे सगळे गडाखाली शाबूत होते.

मग कथेतील अर्ध्या वाक्याचे काय? पानिपतची गोळी चुकवून नारळीकरांना जे जग उभारायचे आहे, त्यासाठी केवळ गोळी चुकणे पुरत नाही. धोडपही पुसावा लागतो. एक बदल दाखवून कथा प्रत्यक्षात दोन करते. पहिला बदल सिद्धांताच्या प्रकाशात, विस्ताराने, पुराव्याच्या पानासह केला आहे. दुसरा अर्ध्या वाक्यात उरकला आहे. आपत्तिसिद्धांताच्या भाषेत बोलायचे, तर पानिपत हा उडीचा बिंदू आहे असे मान्य केले, तरी त्या उडीनंतर व्यवस्था कोठे जाऊन स्थिरावेल हे दादासाहेबांसारख्या घटकांवर अवलंबून होते. विजयाने पेशव्यांच्या घरातील भाऊबंदकी संपली असती की अधिक मोठ्या राज्यासाठी अधिक तीव्र झाली असती? अटकेपर्यंतच्या स्वारीचे यश पदरी असलेले रघुनाथराव विश्वासरावांच्या पेशवाईत स्वस्थ बसले असते, असे मानायला त्यांच्या चरित्रात फारसा आधार नाही.

हा कथेतील दोष म्हणून दाखवायचा मुद्दा नाही. लघुकथेला असे संक्षेप करावेच लागतात. मुद्दा असा, की कथेने परिवर्तनीय म्हणून जो क्षण निवडला तो ख्यात आहे. आणि खऱ्या अर्थाने ज्याला हलवावे लागले असते तो अख्यात आहे. पानिपत प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. धोडपची लढाई रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) चा विषय असलेल्या काका-पुतण्याच्या संघर्षातील एक प्रकरण म्हणून, किंवा गडावर जाणाऱ्यांच्या माहितीत तेवढी उरते. वाचकाला मूळ इतिहास माहीत असल्याखेरीज त्याच्यातील बदल जाणवत नाही, म्हणून पर्यायी इतिहासाची कथा नेहमी ख्यात क्षणच निवडते. ख्यातवृत्ताचा जुना नियम येथे नव्या वेषात परत येतो. पण प्रसिद्धी आणि निर्णायकता या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रसिद्ध क्षणालाच निर्णायक मानण्याची सवय या साहित्यप्रकाराच्या रचनेतच दडलेली आहे.

५

मराठी इतिहासस्मृतीत फाट्याचा आणखी एक क्षण आहे, आणि तो पानिपतापेक्षाही कथारूप आहे. नारायणरावांना ‘धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, ही ती दंतकथा. एका अक्षराने राज्याचे भवितव्य फिरले, असे ती सांगते. ऐतिहासिक पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही. तरी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायम आहे, आणि खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) त्या काळाचे नाट्य मराठी मनावर ठसवले आहे. कालप्रवाशाला याहून सोपी कामगिरी मिळणार नाही : कागद मधल्यामध्ये गाठायचा आणि अक्षर पूर्ववत करायचे.

गोळी, अक्षर आणि गड ही फाट्याची तीन प्रतिरूपे शेजारी ठेवली म्हणजे प्रत्येकातील कारणविचार निराळा दिसतो. गोळीच्या प्रतिरूपात कारण योगायोग आहे. तेथे दोषी कोणी नाही. पराभव सोसलेल्या समाजाला हे प्रतिरूप दिलासा देते : आपण कमी पडलो नाही, तिळभर अंतराने नशीब फिरले. अक्षराच्या प्रतिरूपात कारण एक व्यक्ती आहे, आणि ती स्त्री आहे. गादीचा दावेदार पुरुष, त्याचे हस्तक आणि थकलेल्या पगारावरून चिडलेले गारदी या सर्वांचे कर्तृत्व एका बाईच्या लेखणीत गोळा करून स्मृती मोकळी होते. गडाच्या प्रतिरूपात कारण व्यवस्था आहे : वारसाहक्काचा अनिर्णय, सरदारीची रचना, फौज आणि महसूल यांचे हितसंबंध. हे प्रतिरूप दिलासाही देत नाही आणि दोषीही पुरवत नाही. म्हणूनच त्याच्यावर कालप्रवासकथा रचणे अवघड जाते. गोळी चुकवता येते, अक्षर खोडता येते. गडाखालचे हितसंबंध एका क्षणात हलत नाहीत.

ई. एच. कार यांनी १९६१ मध्ये ‘असे झाले असते तर’ या विचाराला दिवाणखान्यातील खेळ म्हणून बाजूला सारले होते. त्यांचा आक्षेप गोळीच्या प्रतिरूपाला लागू पडतो. पण या विचाराचा दुसराही उपयोग आहे. एखादा क्षण बदलून पाहिला आणि तरीही परिणाम तोच आला, तर त्या परिणामामागे क्षणापेक्षा खोल असे काही आहे हे कळते. धोडपला माधवराव विजयी झाले; म्हणजे इतिहासाने स्वतःच अनुकूल फाटा घेऊन पाहिला, आणि तरीही १७७५ चा तह झाला. जो प्रयोग कथाकाराला कल्पनेने करावा लागतो तो येथे प्रत्यक्ष झालेला आहे.

६

जे बदलले त्यापेक्षा जे न बदलता ठेवले त्याची यादी करावी, असे आरंभी म्हटले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पेशवाई टिकते, विज्ञानाला राजाश्रय मिळतो, विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळतो, इंग्रजांकडे मुंबई भाडेपट्ट्याने उरते. एवढे बदलूनही आगगाडी आहे, टाउन हॉल आहे, ग्रंथालय आहे, इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि त्याचे ग्रंथही आहेत. दोन्ही जगांत वाचणारा, लिहिणारा, व्याख्याने देणारा वर्ग तोच आहे. हा वर्ग अटळ आहे, असे कथा न बोलता गृहीत धरते. सातमाळेच्या उत्तरेला उभे राहून पाहिले असता या यादीतील एक रिकामी जागा दिसते.

कळवण हा मोठ्या प्रमाणावर आदिवासी वस्तीचा तालुका. कोकणा आणि भिल्ल समाजांचे येथील वास्तव्य कोणत्याही पेशव्याच्या वंशावळीशी बांधलेले नाही. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील काळ एका मार्गशीर्षातून दुसऱ्या मार्गशीर्षात फिरतो. त्याला १७६१ हा आकडा लागू पडत नाही. या समाजांच्या जीवनात जे दिनांकित फाटे पडले ते निराळे आहेत : १८१८ नंतरचा कंपनीचा अंमल, १८७८ चा वनकायदा, २००६ चा वनहक्क कायदा. विश्वासराव वाचले असते तर जंगलावरचा हक्क कोणाचा राहिला असता? विज्ञानकेंद्रे उभारणाऱ्या समर्थ पेशवाईने इमारती लाकडासाठी राखीव वने केली नसती, असे म्हणता येईल काय? कथा हा प्रश्न विचारत नाही, कारण तिच्या फाट्याच्या आवाक्यात तो येत नाही. एका समाजाला जो क्षण सर्वस्वी परिवर्तनीय वाटतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या समाजाची स्थिती सारखीच असू शकते. अशा वेळी तो क्षण फाटा उरत नाही.

योगायोग असा, की आझाद मैदान हे स्थळ या दोन इतिहासांना एकत्र आणते. गंगाधरपंत रिकाम्या खुर्चीत बसतात ते याच मैदानावर. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेच्या पहाटेस याच मैदानावर पोचला. कळवण, सुरगाणा, दिंडोरी भागांतील आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते आणि कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची प्रमुख मागणी होती. गंगाधरपंतांना त्या मैदानावर श्रोत्यांनी बोलू दिले नाही, कारण त्यांच्या जगात अध्यक्षांची भाषणे ऐकण्याची प्रथा संपली होती. चालत आलेल्या लोकांना बोलायचे होते ते १७६१ विषयी नव्हते. एकाच भूमीवर किती काळ शेजारी शेजारी वावरतात, याचे हे उदाहरण समांतर विश्वांच्या सिद्धांतावाचूनही समजते.

नारळीकर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी विज्ञानकथेला त्यांनी दिलेली देणगी केवळ वैज्ञानिक माहितीची नाही. इतिहास एकेरी नसतो, त्याच्या प्रत्येक क्षणी काही शक्यता मिटत असतात, ही जाणीव त्यांनी शाळकरी वाचकापर्यंत पोचवली. त्या जाणिवेचा पुढचा टप्पा त्यांच्यानंतरच्या लेखकांकडे आणि समीक्षकांकडे येतो. पानिपताऐवजी धोडप, गोळीऐवजी गड, आणि गादीच्या वारसाऐवजी गडाखालच्या रानात राहणारा माणूस केंद्रस्थानी ठेवून कालप्रवासकथा लिहिता येईल काय? आली तर तिला ख्यातवृत्ताचा आधार सोडावा लागेल आणि वाचकाला अपरिचित इतिहास आधी सांगून मग बदलून दाखवावा लागेल. रचनेच्या दृष्टीने हे दुप्पट कष्टाचे काम आहे. परंतु अटळ काय आणि परिवर्तनीय काय, ही प्रतवारी कोणी आणि कोणाच्या वतीने लावली, याची तपासणी मराठी विज्ञानकथेला करायची असेल, तर ते कष्ट टाळता येणार नाहीत.